साळूच्या बिळातली कोनफळे

भर दुपारीही जिथे ऊन जमिनीला टेकत नाही अशा एका जंगलात एक म्हातारी साळू राहत असे आणि तिच्या शेजारच्या बिळात एक घूस. मुलांनो, त्या वर्षी वणव्याने जंगल जळाले आणि मातीतले कंदही होरपळले. दोघींनी मिळून दिवसभर उकरले, तेव्हा कशीबशी सात कोनफळे धड निघाली. खाल्ली असती तर आठवडाभर पोट भरले असते. लावली तर पुढचा हिवाळा निभणार होता. साळूने चार ठेवली आणि तीन घुशीला दिली.

"ही झोपलीत," साळू म्हणाली. "सुक्या शेणाच्या आणि पाल्याच्या उबेत ठेव. कोरडी राहू दे. कोंब आले की लावू."

घुशीच्या बिळात ती कोनफळे काळी, केसाळ, सुरकुतलेल्या तोंडांसारखी पडून राहिली. आपल्या घरात कुणीतरी निजले आहे, असे तिला सारखे वाटे. ती कान लावून ऐके. श्वास ऐकू येई. तिने स्वतःचा श्वास रोखला की तोही थांबे. पाचव्या दिवशी तिला राहवेना. तिने त्यांची साल ओरबाडली, ओढ्यावर नेऊन त्यांना बुडवले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "उठा." कुणी उठले नाही, तशी तिने ती परत बिळात आणून ठेवली. आठ दिवसांनी तिने पंजा ठेवला तो आतच रुतला आणि बिळात आंबूस वास भरला.

ती साळूकडे गेली. "मावशी, माझी मेली. तुझीही मेली असतील. सडायच्या आत खाऊन टाकू या."

साळूने तीन दिवस झाडाच्या सालीवर काढले होते. पाला चाळण्याचेही त्राण तिच्यात उरले नव्हते. "असतील गं," ती म्हणाली आणि एक कोनफळ काढायला तिने पाल्यात पंजा घातला. ढीग जिवंत अंगासारखा उबदार होता. ढिगाच्या पलीकडून काहीतरी बाहेर आले होते. फिकट, बोटाएवढे, पान नाही की डोळा नाही. चारही कोनफळांचे तसलेच शेंडे बिळाच्या तोंडाकडे वळले होते.

घूस भिंतीला चिकटली. "ते आपल्याला बघतंय का?"

"उजेडाकडे निघालंय," साळू म्हणाली. तिच्याही अंगावरचे काटे उभे राहिले होते. भूक तशीच होती, तरी तिने पाला पुन्हा नीट पांघरला.

दुसऱ्या सकाळी दोघींनी ती लावली; त्यातले एक साळूने घुशीला दिले. वेल जळक्या झाडांवर चढले. त्यांच्याजवळून जाताना घूस पाऊल हळू टाकत असे, कारण खाली काहीतरी फुगत असल्याचे तिला जाणवे. हिवाळ्यात उकरले तेव्हा एकेक कोनफळ दोघींना मिळून ओढावे लागले.

तात्पर्य : निपचित पडलेले सारेच मेलेले नसते, त्याला ऊब द्यावी आणि जागे होण्याइतका वेळही द्यावा.