प्रकृतीच्या कारणास्तव

माणसं निवडणुका शिकली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. साप मारतो म्हणून कोंबड्यांनी मुंगसाला खुराड्याचा मंत्री केलं. साप दिसेनासे झाले, पण पिल्लं कमी होतच राहिली. दर वेळी मुंगूस गंभीर चेहऱ्याने सांगे, "चौकशी चालू आहे."

कोंबड्यांनी त्याचा सत्कार ठेवला. आभाराचं भाषण करताना त्याला ठसका लागला आणि तोंडातून एक पिवळं पीस बाहेर पडलं.

"साहेब," पुढच्या रांगेतली कोंबडी म्हणाली, "हे आमच्या धाकटीचं."

मुंगसाने तिथल्या तिथे प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. हल्ली पिसं पचत नाहीत, म्हणाला.

कोंबड्या हळहळल्या. पुढच्या निवडणुकीत मात्र त्यांनी नीट पारखून रानबोक्याला निवडून दिलं. त्याची प्रकृती ठणठणीत होती.