ठमी जीप आणि कोंडलेला धूर

गाड्या आपल्या आपणच धुराच्या तपासणीला जात, त्या काळची गोष्ट. ठमी नावाच्या म्हाताऱ्या जीपची आज पाळी होती. नापास झाली, की थेट भंगारात. म्हणून ती धूर छातीत कोंडून, दबकत निघाली.

वाटेत तिच्याच वयाचा ट्रक भेटला. "ठमे, तपासणीची नळी लावताच हा कोंडलेला धूर सगळा बाहेर येईल. आधी घाट चढून ये."

"घाटात लोक बघतील रे."

"बघू देत."

ठमी थरथरत घाट चढली. वळणावळणावर काजळी ओकली. लोकांनी नाकाला रुमाल लावले, तशी ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

तपासणीवाल्यानं नळी लावली, तेव्हा तिनं दिवे मिटून घेतले.

"पास," तो म्हणाला.

तिच्यामागची चकचकीत नवी मोटार मात्र अजून श्वास कोंडून उभी होती.