महाराजांचा घोडा कोंडवाड्यात

सोनगिरीच्या कचेरीत न्यायाधीश हरिशास्त्री पार गोंधळून गेले होते. महाराजांच्या घोड्याने सगुणा माळिणीचा गाजरांचा मळा फस्त केला होता. वर्षाचं पोट त्यावर, म्हणून ती भरपाई मागत होती.

"राजावर फिर्याद चालत नाही! न्याय माझ्याच नावाने होतो," महाराज गरजले.

शास्त्रीबुवांना तेही पटलं आणि सगुणेचंही.

"बरं, राहू द्या फिर्याद," म्हणत सगुणा उठली आणि मळ्यात उरलंसुरलं चरणारा घोडा तिने कोंडवाड्यात घातला. पीक खाणाऱ्या जनावराला तीच रीत. मालकाने नुकसान भरलं, तरच सुटका.

दुसऱ्या दिवशी महाराज सगुणेला घेऊन तणतणत कचेरीत आले. "शास्त्रीबुवा, हिने माझा घोडा कोंडलाय! न्याय करा!"

शास्त्रीबुवा आणखीच चक्रावले. सगुणा मात्र पदर खोचून पुढे झाली.

"महाराज, काल ही कचेरी तुम्हाला लागू नव्हती. आज तिच्याकडेच न्याय मागताय? जिथे मागायला येता, तिथे द्यायलाही यावं लागतं!"

शास्त्रीबुवांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"महाराज, घोडा आपलाच ना?"

"माझाच!"

"मग राजमळ्यातली गाजरं आधी हिच्या घरी पोचवा. घोडा नंतर सुटेल."