माईंच्या सतरा खुणा

“...मग तुझ्या त्या पेटीत खुणा किती आहेत?”

“अकरा हजार चारशे, माई.” शाल्मलीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “कुठलाही विषय सांगा. एका टिचकीत पान समोर!”

“सगळी वाचलीस?”

“वाचायची आहेत, म्हणून तर बुकमार्क केलीत.”

माई हसल्या नाहीत. शाल्मलीला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

टेकडीवरच्या त्या मठात चातुर्मासभर ग्रंथ वाचायचा, गावाला समजावून सांगायचा, हा मान चाळीस वर्षं माईंचा होता. आता त्यांचे डोळे थकले होते. यंदा वाचणार कोण, ते आज ठरायचं होतं.

शाल्मली एम.ए.ला पहिली आली होती. शिवाय तिने असं एक काम केलं होतं, जे आजवर कुणालाच सुचलं नव्हतं.

“माई, तुमच्या ग्रंथात सतरा खुणा आहेत. मी प्रत्येक खुणेची ओवी उतरवून घेतली. त्या सतरा ओव्या ओळीने लावल्या ना, की तुमची सगळी शिकवण उलगडते. बेचाळीस पानांचा प्रबंध झालाय!”

“अगंबाई! सांग की मग.”

शाल्मलीने ग्रंथ उघडला. पहिल्या खुणेला केसातली पिन होती.

“इथे वैराग्य सुरू होतं.”

“इथे सखूला कळा सुरू झाल्या. मी उठले.”

“...आणि हे एसटीचं तिकीट? इथे शरणागती...”

“भिकोबा आला होता. लेकाचं पत्र वाचून घ्यायला.”

“आणि हे... गोळ्यांचं रिकामं पाकीट?”

“तुझे आजोबा पारावर चक्कर येऊन पडले होते, तेव्हाचं.”

शाल्मलीचे कान गरम झाले. बेचाळीस पानं...

“म्हणजे ओव्यांशी काहीच संबंध नाही?”

माईंनी ते पाकीट पुन्हा पानात सारलं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. शाल्मली दचकली.

“माई, आहात का? डोळ्यात थेंब घालायचेत. सून रानात गेलीय.” खालच्या आळीतल्या कोंडाबाई होत्या.

माईंनी मांडी मोडली नाही. नुसत्या शाल्मलीकडे बघत राहिल्या.

“एवढा एकच मुद्दा, माई. शेवटच्या खुणेचं तरी माझं बरोबर असणार, कारण तिथे...”

“अगं, कुणी आहे का आत?”

...

शाल्मली उठली. वाक्य तिथेच राहिलं.

“हात कापतोय तुझा, पोरी,” कोंडाबाई म्हणाल्या.

“हलू नका हो! मलाच भीती वाटतेय.”

पहिला थेंब गालावर गेला, दुसरा कानात. तिसरा डोळ्यात पडला. मग कोंडाबाईंनी तिची ओढणी धरून ठेवली आणि सुनेचं पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाटली घेऊन त्या निघाल्या, तेव्हा ऊन पायरीवरून उतरलं होतं.

शाल्मली आत आली. लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. बाटलीचं खोकं तिच्या हातातच राहिलं होतं.

“माई... मी कुठे होते?”

माईंनी तिच्या हातातलं खोकं घेतलं. त्याची एक पट्टी फाडली. पान न बघताच ग्रंथात सारली आणि ग्रंथ शाल्मलीच्या मांडीवर ठेवला.

“एकादशीला इथून सुरू कर.”