खलबत्त्याची न झालेली साक्ष

तडजोड म्हणजे निवाड्याआधी उभयपक्षी केलेला समेट. त्यात सत्य सांगावेच लागते असे नाही.

पूर्वी एका अरण्यात अस्वलवैद्यांचा मोठा दवाखाना होता आणि तेथील खलबत्ता मी होतो. गुळवेलीच्या नावाखाली माझ्यात वाळका पाला कुटला जाई. हरिणीच्या पाडसाचा ताप उतरेना, तेव्हा तिने वैद्यांवर दावा लावला आणि मला साक्षीदार नेमले. मी साक्षीचे भाषण रचले. त्यातील एकेक शब्द तीनदा पारखला.

सुनावणीच्या सकाळी वैद्य तिला म्हणाले, "बाई, खरी गुळवेल आत्ता घे, वर वर्षभराचा चारा घे, दावा तेवढा मागे घे."

"म्हणजे चूक कबूल?"

"छे! ही आमची माया."

"माया आजच बरी उतू चालली, वैद्यराज!" पण पाडस तापाने फणफणत होते. तिने गुळवेल घेतली.

ती गेल्यावर वैद्य पाला कुटणाऱ्या आपल्या मदतनीस कोल्ह्याला म्हणाले, "दंड सोसला असता रे, पण हा खलबत्ता भर सभेत बोलता, तर उद्या औषधाला कोण आले असते?"

दुपारी माझ्यात पुन्हा पाला पडला.

लोक सांगतात, तडजोडीने खलबत्त्याचे तोंड बंद झाले. हे चूक आहे. माझे तोंड जन्मापासून उघडेच आहे. समोर रोज रोग्यांची रांग असे. मी मात्र कोणी रीतसर विचारील, याची वाट पाहत होतो.