पाटीभर गाळ

त्या राज्यात नदी नव्हती. होतं ते एक तळं, आणि तेही माणसांनी खणलेलं. कुणाच्या तरी खापरपणजोबांनी पहारींनी मुरूम फोडला, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या बांधल्या आणि ओढा वळवून आत सोडला. राज्यातल्या सगळ्या विहिरी त्या तळ्याच्या जिवावर भरायच्या. पण ओढा काही एकटा आला नाही. त्याच्या पाठोपाठ गाळ आला. दरसालचा पाहुणा तो, आला की तळाशी मुकाट बसून राहायचा.

म्हणून तिथं एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की घरटी एक पाटी गाळ उपसायचा आणि आपापल्या शेतात नेऊन टाकायचा. तळ्याला तो दिवस फार आवडायचा. शेकडो हात पोटाशी फिरायचे, बाया एकमेकींना चिखल फासायच्या, आणि पाटी उचलली की खालचे झरे मोकळे व्हायचे. ठकूबाईचा हात तर तळं बरोबर ओळखायचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून पहिली पाटी तिचीच.

मग तळ्याला दोनशे वर्षं झाली आणि राज्याला एकाएकी त्याचा पुळका आला. भाषणं झाली, डोळे पुसून झाले. "आपल्या पूर्वजांचं तळं, आणि आपण त्याला दरसाल ओरबाडतो!" असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी शरमेनं माना खाली घातल्या. महिन्याभरात पायऱ्यांभोवती लोखंडी कुंपण उभं राहिलं. फाटकावर राखणदार नेमला, तो ठकूबाईचाच मुलगा, दाजिबा.

उन्हाळा लागला तशी ठकूबाई पाटी घेऊन फाटकाशी आली.

"आई, आता आत जायचं नाही," दाजिबा म्हणाला.

"अरे, गाळ काढायचाय."

"तळ्याला दुखतं गं."

"दुखतं? तूही न्हाऊ घालताना बोंबलायचास. म्हणून काय शेंबडा ठेवला तुला?"

दाजिबा हसला, पण फाटक काही उघडलं नाही. पोरगा वाईट नव्हता हो. तळ्यावर त्याचा खरंच जीव होता, तीच तर पंचाईत.

आतून तळं जिवाच्या आकांतानं हाका मारत होतं, ये गं बाई, ये. पण तळ्याचं बोलणं ते केवढं! खालच्या पायरीवर दोन लाटा आपटल्या. दाजिबा म्हणाला, "बघ, कसं सुखात आहे."

ठकूबाई दर उन्हाळ्याला येत राहिली आणि रिकामी पाटी घेऊन परत जात राहिली. आत गाळ चढत होता. "मला दोष देऊ नकोस," तो तळ्याला म्हणायचा. "कुणी उठवलं की उठायचो ना मी? आता कुणी उठवतच नाही." एकेक झरा बुजला. मासे संपले, मग बगळे यायचे थांबले. एका उन्हाळ्यात ठकूबाई आलीच नाही. ती गेली, हे तळ्याला सांगणार कोण? ते बिचारं वाट बघत राहिलं, आणि वाट बघता बघताच आटलं.

आता कुंपणाच्या आत सपाट, भेगाळलेली माती आहे. पायऱ्या मात्र लख्ख. दरसाल तिथं तळ्याचा उत्सव भरतो. लांबून टँकर मागवतात आणि वाजतगाजत एक घागर त्या मातीवर ओततात.

फाटकाजवळ एका काचेच्या पेटीत ठकूबाईची पाटी ठेवली आहे. तिच्या काठाला शेवटच्या उपशाचा गाळ वाळून बसलाय, आणि त्यात पाच बोटं उमटलेली आहेत. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'हात लावू नये.' दाजिबा आता म्हातारा झालाय. रोज सकाळी तो फडकं घेऊन ती काच पुसतो. पुसता पुसता त्याची बोटं नेमकी त्या बोटांवर येऊन थांबतात. मग तो काच आणखी जोरानं घासतो.