पानं टाकणारा होडीवाला

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. नद्यांवर तेव्हा पूल नव्हते आणि माणसांना पत्ते खेळायला फुरसत होती.

एका नदीच्या वाळवंटात एक माळी कलिंगडं पिकवायचा. नदीवर होडी एकच, ती म्हाताऱ्या होडीवाल्याची. दुपारी उतारू नसले की दोघे करंजाखाली पत्ते मांडायचे, चिंचोके लावून. रिवाज असा, की पिसणारा सांगेल ते दोघांनी मांडायचं आणि मग पानं बघायची. एकाने चढवलं की दुसऱ्याने तेवढंच लावायचं, नाहीतर पानं टाकून मांडलेलं सोडून द्यायचं.

माळी मोठा हिशेबी. म्हाताऱ्याने पानं टाकली की तो आपल्या झोपडीच्या कुडावर कोळशाने रेघ ओढी, टाकली नाहीत तर फुली. थोड्याच दिवसांत कूड काळा झाला. जोरात चढवलं की म्हातारा दहातल्या नऊ वेळा पळतो, हे माळ्याने ताडलं.

तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिना. कलिंगडं पिकत आली होती आणि बाजार होता पलीकडे. होडी आपलीच असती तर? घास तोंडात ठेवून तो उठे, रेघा मोजे, पुन्हा येऊन बसे, पुन्हा उठे.

बायको म्हणाली, "अहो, खेपेला होडी हवी तर त्यांना सांगा ना. ते काय नाही म्हणणारेत?"

"मागायला मी भिकारी आहे काय?" माळी म्हणाला. शहाण्या माणसाला साधी गोष्ट अशी कधीच पटत नाही.

एका दुपारी पत्ते पिसताना तो म्हणाला, "आज चिंचोके नकोत. तुमची होडी, माझी यंदाची कलिंगडं."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पिसतोयस तू. तू म्हणशील ते."

माळ्याच्या हाती अगदीच टाकाऊ पानं आली. पण रेघांवर भरवसा ठेवून त्याने हूल दिली. "चढवतो. माझी सगळी वाडी."

आणि तो वाट बघू लागला. आत्ता टाकेल, आत्ता टाकेल.

"मग माझी झोपडीही लावली," म्हातारा म्हणाला.

पानं उलटली. म्हाताऱ्याचीही तसलीच होती, जेमतेम एका पानाने सरस. माळ्याने ती पानं उचलून पुन्हा पाहिली.

"असल्या पानांवर थांबलात? तुम्ही तर नेहमी टाकता."

"ते चिंचोके होते रे. जिंकलास की तू लेकरासारखा हसायचास, मला बरं वाटायचं. होडी कशी टाकू? तिच्यावाचून मला दुसरं काय येतं?"

पुढे माळी त्याच वाडीत राबला, पण म्हाताऱ्याचा गडी म्हणून. दुपारी तो पत्ते घेऊन करंजाखाली जाऊन बसे. होडीवाला पुन्हा कधी तिथे आला नाही.

माणूस किती वेळा मागे सरला हे मोजता येतं; कशापायी तो मागे सरणार नाही, हे त्याला ओळखल्याशिवाय कळत नाही.